नोकरी सोडून फक्त मुलांसाठी लिहू का?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आसपासच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतात. लेक लहान असताना तिला रोज रात्री सांगितलेल्या गोष्टी त्यांनी वहीत उतरवल्या, त्यातल्या काही मुलांच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत छापूनही आल्या. आता एका प्रकाशकाने वीस गोष्टींसाठी एकरकमी पंचवीस हजार रुपये देऊ केलेत, अट अशी की सगळे हक्क कायमचे प्रकाशकाचे. ताईंना वाटतंय की हीच संधी, नोकरी सोडावी आणि पूर्णवेळ बालसाहित्यिक व्हावं, कारण एरवी आठवड्यात तासभरही लिहायला मिळत नाही. नवऱ्याचं म्हणणं, सोडायचीच असेल तर निदान कादंबरी तरी लिही, मुलांच्या गोष्टी काय कोणीही लिहितं. एका संपादकांनी गोष्ट परत पाठवताना "यातून मुलांनी काय घ्यायचं?" असं विचारलं, तेही मनाला लागलंय. लेक आता तेरा वर्षांची आहे, गोष्ट ऐकायला बसत नाही. नोकरी सोडू का आणि करारावर सही करू का, असं त्या विचारतात.

नमस्कार ताई,

प्रकाशकाला महिनाअखेर कळवायचंय म्हणालात, म्हणून दोन्ही उत्तरं आधीच सांगून टाकते. करारावर आहे तशी सही करू नका. आणि नोकरी आत्ता सोडू नका. पण हे दोन नकार वाचून इथेच थांबू नका प्लीज, कारण तुम्ही लिहावं असं मला अगदी मनापासून वाटतं, पुढची वीस-पंचवीस वर्षं लिहावं असं वाटतं, आणि म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. त्यात पतसंस्था आहे, मिस्टर आहेत, प्रकाशक आहे, संपादक आहेत, पुरस्कारांचाही उल्लेख आहे. मूल मात्र एकदाच येतं. तुमची लेक, आणि तेही ती आता ऐकत नाही एवढंच सांगायला. तुम्ही हे वाक्य जाता जाता लिहिलंय पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. इतकी वर्षं रोज रात्री तुमच्यासमोर एक हक्काची श्रोती होती, मध्येच "मग?" विचारणारी, कंटाळा आला की कूस बदलणारी, कालच्या गोष्टीतला कुत्रा आज कुठे गेला म्हणून पकडणारी. ती मोठी झाली आणि लिहिणं अडलं. तुम्हाला वाटतंय वेळ नाही म्हणून अडलं, पण वेळ तर तेव्हाही नव्हता ना ताई, नोकरी हीच होती, घर हेच होतं, वर मूल लहान होतं, आणि तरी वह्या भरल्या. म्हणून मला शंका येते की कमी पडतोय तो वेळ नाही, ऐकणारी मुलं कमी पडतायत. नोकरी सोडून घरी बसलात तर तास मिळतील, भरपूर मिळतील, पण मुलं काही त्याने मिळणार नाहीत.

आणि हे "पूर्णवेळ बालसाहित्यिक" म्हणजे नक्की कोण, हेही जरा बघूया. मराठीत मुलांसाठी ज्यांनी भरपूर आणि जीव ओतून लिहिलं त्यातल्या कितीतरी जणांचं पोट दुसऱ्या कामावर चालत होतं. रत्नाकर मतकरी १९५८ ते १९७८ बँक ऑफ इंडियात होते, आणि त्यांची मुलांच्या नाटकांची संस्था १९६२ मध्येच सुरू झाली, म्हणजे सोळा वर्षं बँक आणि मुलांचं नाटक एकाच वेळी चालू होतं, नोकरी सोडली ती त्यानंतर. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवायचे. भारत सासणे प्रशासकीय सेवेत होते. साने गुरुजी तर शिक्षकच. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी श्यामची आई लिहून काढलं हे आपण सगळे ऐकत आलोय, पण त्याआधी अमळनेरच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते छात्रालय नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे, मासिक नव्हे, दैनिक, ते फार कोणी सांगत नाही. पाच दिवसांत जे बाहेर आलं त्याची तयारी त्या मुलांमध्ये राहून झाली असणार असं मला तरी वाटतं. आणि त्या पुस्तकात प्रकरणंसुद्धा रात्रीच्या हिशोबाने आहेत बघा, रात्र पहिली, रात्र दुसरी. समोर कोणीतरी ऐकायला बसलंय असं धरूनच ते सगळं सांगितलंय.

आता पैशाचं. मोकळेपणाने बोलूया कारण हे कोणी बोलत नाही आणि नवीन लोक फसतात. मराठीत मुलांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती अनेकदा हजार प्रतींची असते. किंमत शंभर रुपये धरा, रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीच्या किमतीतला लेखकाचा वाटा, दहा टक्के धरा (कमी-जास्त असते, ठरवण्यावर आहे), तर सगळी आवृत्ती संपल्यावर तुमच्या हातात दहा हजार येतात. चित्रकारालाही रॉयल्टी द्यायची असेल तर त्यातही वाटणी होऊ शकते. आणि आवृत्ती संपायला दोन वर्षं लागू शकतात, चारही लागू शकतात. तुमचा महिन्याचा पगार याच्या दुपटीहून जास्त आहे आणि घराचं कर्ज चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे फक्त पुस्तकांच्या रॉयल्टीवर घर चालवायचं तर वर्षाला किती पुस्तकं लागतील ते काढून बघा. इतकी पुस्तकं कोणी चांगली लिहू शकत नाही. जे लोक याच क्षेत्रात पूर्णवेळ आहेत ते पुस्तकाशिवाय शाळांमध्ये कार्यशाळा घेतात, अनुवाद करतात, संपादन करतात, शिक्षकांना शिकवतात, काही जण चित्रंही स्वतःच काढतात. माधुरी पुरंदरे बघा ना, चित्रकला, गाणं, नाटक, फ्रेंचमधून अनुवाद, हे सगळं त्यांच्याकडे आहे आणि मुलांच्या पुस्तकांत ते जाणवतं. ही बाकीची कामं एकदम मिळत नाहीत, ओळख होत जाते तशी येतात, आणि ती ओळख नोकरी करता करता होऊ शकते.

मिस्टरांच्या बोलण्याचा तुम्हाला राग आलाय, मलाही आला. पण ते हे मनाचं बोलत नाहीयेत, समाजात हेच समजतात आणि ते तसं समजायला कारणंही दिसतात. साहित्य अकादमी आपल्या मुख्य पुरस्काराला एक लाख रुपये देते आणि बालसाहित्याच्या पुरस्काराला पन्नास हजार. हा बालसाहित्याचा पुरस्कार सुरू झाला तोच २०१० मध्ये. मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं पेपरात किती येतात? पण मुलांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांच्या लिखाणाची पहिली पायरी हा समज मात्र चूक आहे, आणि तो तुमच्याही पत्रात एका ठिकाणी डोकावतो, "आधी मुलांसाठी लिहून हात बसवते, मग बघू" असं तुम्ही म्हणता. विंदांना ज्ञानपीठ मिळालं, तो माणूस मुलांच्या कविता शिकाऊपणात लिहीत नव्हता, राणीची बाग १९६१ चं आहे, तेव्हा ते मोठ्यांसाठी लिहिणारे कवी म्हणून चांगलेच प्रस्थापित होते. सासणे २०२२ मध्ये उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यानंतर २०२४ मध्ये त्यांना बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला तो समशेर आणि भूतबंगला या पुस्तकासाठी. मोठ्यांसाठी उत्तम लिहिणारी माणसं मुलांकडे येतात ती काहीतरी वेगळं आणि अवघड करायला येतात. तुम्हाला कादंबरी लिहावीशी वाटली तर जरूर लिहा, पण मिस्टरांना पटवायला म्हणून नको. त्यांना पटवायचंच असेल तर एक करा, एखाद्या रविवारी त्यांना सहा वर्षांच्या दोन-तीन मुलांना दहा मिनिटं गोष्ट सांगायला बसवा. मी हे रागाने सांगत नाहीये, खरंच त्यांना हे काम कळावं म्हणून सांगतेय. आणि घरात मागायचीच असेल तर एक गोष्ट स्पष्ट मागा, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी स्वयंपाक आणि आवराआवर तुमच्याकडे नाही. नोकरी सोडण्याआधी हे मागून बघितलंय का तुम्ही? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही.

आता संपादकांचा प्रश्न. सोबत पाठवलेल्या दोन्ही गोष्टी मी वाचल्या. छत्रीची गोष्ट मला फार आवडली. एसटीत राहिलेली कोणाची तरी रंगीत छत्री मंजू घरी आणते, दोन दिवस उघडते-मिटते, पाऊस नसताना अंगणात घेऊन फिरते, आणि तिसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन कंडक्टरकाकांना देते. मुलाला काय काय वाटतं ते सगळं आलंय त्यात, हवीशी वाटणारी वस्तू, थोडी भीती, परत देताना हात न सुटणं. आणि मग शेवटी कंडक्टरकाका प्रामाणिकपणावर सात ओळी बोलतात! संपादकांनी गोष्ट परत पाठवल्यावर या ओळी जोडल्या असाव्यात असं मला वाटतंय, बाकीच्या लिखाणाशी त्यांचा सूर जुळत नाही. त्या काढा. मंजू छत्री काउंटरवर ठेवते आणि परत एकदा मागे वळून बघते तिथे गोष्ट झाली. "मुलांनी काय घ्यायचं" हे मुलं बघतील, आणि तुम्ही धरलंय त्यापेक्षा वेगळंच काहीतरी घेतील. एखादा संपादक तात्पर्य मागतो म्हणून गोष्ट वाईट ठरत नाही, ती दुसऱ्या मासिकाची गोष्ट असते एवढंच. पाठवायच्या आधी त्या मासिकाचे निदान पाच-सहा अंक वाचत जा. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, मुलांसाठी लिहू बघणाऱ्या कोणीही आधी तिथे महिनाभर काढावा, भाषा कशी बदलत गेली तेही कळतं.

दुसरी गोष्ट, मावशीच्या लग्नातली, तिच्याबद्दल तेवढं चांगलं सांगता येणार नाही. त्यात तुमच्या घरातल्या खुणा आहेत. कुंदामावशी हसली की सगळे का पळतात हे तुमच्या लेकीला माहीत होतं, मला नाही कळलं, आणि परभणीच्या किंवा बेळगावच्या आठ वर्षांच्या मुलालाही नाही कळणार. एकाच मुलासाठी गोष्टी रचल्या की असं होतंच, ती गोष्ट अर्धी त्या मुलाच्या डोक्यात असते आणि कागदावर अर्धीच उतरते. हे घरी एकटीने बसून दुरुस्त करता येत नाही कारण तुम्हाला ती पूर्णच वाटते.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा आहे की गोष्टी घेऊन मुलांकडे जा. तुमच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, नगरपालिकेचं वाचनालय, काहीही चालेल. मुख्याध्यापकांना भेटून रीतसर परवानगी घ्या, महिन्यातून एक-दोनदा अर्धा तास गोष्ट वाचून दाखवते म्हणावं, बऱ्याच शाळांना हवं असतं, विशेषतः शनिवारी आणि १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास. मात्र प्रमुख पाहुणी म्हणून जाऊ नका, नारळ आणि शाल आली की मुलं हाताची घडी घालून बसतात आणि मग काही कळत नाही. पहिली-दुसरीचा एक वर्ग आणि चौथी-पाचवीचा एक असा वेगवेगळा घ्या. वाचून झाल्यावर "आवडली का?" असं चुकूनही विचारू नका, सगळी एका सुरात "होSSS" म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही. वाचताना बघा, कुठल्या ओळीला चुळबुळ सुरू होते, कुठे मागच्या रांगेतली मुलं गुडघ्यावर उभी राहतात. त्या ओळींवर पेन्सिलने खूण करा, तिथल्या तिथे. आणि पुढच्या वेळी गेलात की त्यांनाच मागची गोष्ट सांगायला लावा. मी एका छोट्या बालवाचनालयात हे बरीच वर्षं करतेय आणि दरवेळी दिसतं की लेखकाने ज्या परिच्छेदावर जीव टाकलेला असतो तोच मुलं गाळतात आणि कुठलातरी साधा तपशील, उदाहरणार्थ डब्यातला लाडू कोणी खाल्ला, तो मात्र अगदी चोख सांगतात. जे गाळलं ते काढायचं, दरवेळी नाही पण बहुतेक वेळा. असं करत दहा गोष्टी घासून घ्या. त्या दहा तुमच्या वहीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कामाच्या असतील.

चित्रपुस्तक करायचं असेल तर अजून एक. चार कोरे ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घाला, सोळा पानांचं छोटं पुस्तक तयार होतं, त्यात गोष्ट पानापानावर वाटून लिहा. कुठे पान उलटायची उत्सुकता आहे, कुठे उगाच ओळी भरल्यात ते लगेच दिसतं. जे चित्रात दिसणार आहे ते शब्दांत परत सांगू नका, छत्री लाल पिवळ्या ठिपक्यांची आहे हे चित्रकाराला सांगू द्या. आणि चित्रकार तुम्ही शोधायचा नसतो, ते बहुतेक वेळा प्रकाशकाचं काम असतं, भाच्याकडून वगैरे चित्रं काढून घेऊन पाठवू नका.

आता करार. पंचवीस हजार ही रक्कम वाईट नाहीये, वर केलेल्या हिशोबाने पहिल्या आवृत्तीच्या रॉयल्टीपेक्षा जास्तच आहे, त्यामुळे प्रकाशक लुबाडतोय असं मी म्हणणार नाही. अडचण आहे ती "कायमचे" आणि "सगळे" या दोन अटींत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत जाणारी वस्तू तुम्ही एका सहीत देताय, आणि त्यात पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, सिरीयल सगळं आलं. एखादी गोष्ट उद्या पाठ्यपुस्तकात घ्यायची ठरली तर परवानगी तुमची नाही, त्यांची लागेल. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात आणि कुठल्या गोष्टीचे, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, पण तुमच्या करारात "कायमचे" असं स्पष्ट लिहिलंय म्हणून ती सवलत तुम्हाला नाही. पुस्तकावर लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क मात्र सगळं विकलं तरी तुमचाच राहतो, कोणी "नावाचं नंतर बघू" म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

माझ्या मते वीस गोष्टी एकदम देऊच नका. सहा-सात द्या. फक्त मराठी छापील पुस्तकाचे हक्क, पाच वर्षांसाठी, आणि रॉयल्टी किंवा मग पहिल्या आवृत्तीपुरती ठरावीक रक्कम. पैशाची खरोखर निकड असेल आणि प्रकाशक एकरकमीवरच अडून बसला तर दोन-तीन गोष्टी तशा देणंही मी समजू शकते, सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते, पण छत्रीची गोष्ट त्यात देऊ नका. पुस्तक संपल्यावर पुढची आवृत्ती ठरावीक काळात काढली नाही तर हक्क परत, हे वाक्य जरूर घाला. सही करण्याआधी ओळखीतल्या वकिलाला कागद दाखवा, तासाभराचं काम आहे.

याच विषयावर आणखी दोघांची पत्रं आहेत, त्यांच्याकडे प्रकाशक उलट पैसे मागतोय, चाळीस-पन्नास हजार भरा, पुस्तक काढून देतो. त्यांच्यासाठी थोडक्यात: स्वतःच्या खर्चाने छापण्यात कमीपणा काहीच नाही. बिअट्रिक्स पॉटर या इंग्लिश बाललेखिकेला प्रकाशकांनी नकार दिले तेव्हा तिने १९०१ मध्ये आपल्या सशाच्या गोष्टीच्या २५० प्रती स्वतःच छापल्या, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाने तेच पुस्तक काढलं. पण ते तिचं पुस्तक होतं, खर्च, प्रती आणि हक्क सगळं तिच्याकडे. पैसे तुमचे आणि हक्क त्यांचे असा व्यवहार कोणी सांगत असेल तर सरळ उठून या. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कोणी लावत असेल तर तेही विचारा. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर गोष्ट टाकायची असेल तर ती मुक्त परवान्यावर जाते, कोणीही तिचा अनुवाद करू शकतं, बदलू शकतं, छापून विकूही शकतं, तुमचं नाव द्यावं लागतं एवढंच. गोष्ट दूरच्या मुलांपर्यंत जावी असं वाटत असेल तर हा फार चांगला मार्ग आहे, पण जी गोष्ट पुढे पुस्तकासाठी द्यायचीय ती तिथे टाकू नका.

नोकरीचं म्हणाल तर वर्षभराने हा प्रश्न परत काढूया. तोपर्यंत एक पुस्तक चांगल्या करारावर निघालेलं असेल, दोन-चार शाळा स्वतःहून बोलवत असतील, आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवलेला असेल, तर आधी पतसंस्थेत दोन-तीन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का विचारा. त्या रजेत रोज खरंच लिहिलं जातंय का ते कळेल. लिहिलं गेलं तर मग राजीनाम्याबद्दल बोलायला माझी काहीच हरकत नाही, मीच तुम्हाला म्हणेन सोडा म्हणून.

लेकीला मात्र यातून बाहेर ठेवू नका. तेरा वर्षांची मुलं गोष्ट ऐकायला बसत नाहीत, पण कुठे काय खोटं वाटतंय हे फार अचूक सांगतात. तिला लाल पेन आणि हस्तलिखित द्या, आणि ती जे खोडेल त्यावर दोन दिवस काही बोलू नका.

प्रकाशकाला या आठवड्यातच असं कळवा: "तुमच्या प्रस्तावाबद्दल आभार. सगळ्या गोष्टींचे कायमचे हक्क देणं मला शक्य नाही. सात गोष्टींचं एक पुस्तक, मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी, या अटींवर मला तुमच्याबरोबर काम करायला आवडेल. रॉयल्टीबद्दल बोलायला कधी फोन करू?" नाही म्हणाले तर गोष्टी तुमच्याचकडे आहेत, दुसरीकडे पाठवता येतील. हो म्हणाले आणि नवीन कागद आला तर सही करण्याआधी मला पाठवा, मी वाचून कळवते.